गेलगार्थची उत्तरेची भिंत

माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि शब्दही मला साधेच येतात, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा अकराव्या वर्षी सुटली. तेव्हापासून हातात हातोडा आला आणि लेखणी गेली. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून हे मी आजवर कोणाला तोंडाने सांगितलेलं नाही. लिहिताना निदान समोरचं माणूस आपल्या तोंडाकडे बघत नसतं.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. गुरुवारी सकाळी गेलगार्थच्या ऑल्डरसनांकडून निरोप आला. स्वयंपाकघराच्या भिंतीला बारीक तडा गेलाय, शनिवारी मुलीचं लग्न आहे, त्याआधी येऊन बुजवून द्या. काम जेमतेम अर्ध्या दिवसाचं. मी आणि किट काका हातगाडीवर चुन्याचं पिंप, थापी, दोन हातोडे आणि शिडी टाकून टेकडी चढायला लागलो. रात्रीचं दव गोठलं होतं. गवत पायाखाली कुरकुरत होतं.

"जेवायला बोलावलं नाही, तड्याला बोलावलं," काका म्हणाला. "ऑल्डरसनांची रीत जुनी आहे."

किट काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पुढचं काम मला त्यानेच शिकवलं. तो सगळ्यांची थट्टा करतो. त्या दिवशी मात्र गेलगार्थचं छप्पर दिसू लागल्यावर त्याची थट्टा बंद पडली. हे माझ्या लक्षात आलं, पण नंतर.

गेलगार्थ हे आमच्या खोऱ्यातलं सगळ्यात जुनं घर. दाराच्या माथ्यावरच्या दगडात १६६७ कोरलंय, त्यातला सात उलटा आहे. घर बुटकं, लांब, करड्या दगडाचं. छपरावरही दगडाच्याच चिपा. खाली वळचणीला दाराएवढ्या, आणि वर चढत चढत आढ्यापाशी वहीच्या पानाएवढ्या. खिडक्यांत लाकूड नाही, दगडाचेच उभे खांब आहेत. तीन भिंती मूळच्या. चौथी, उत्तरेची, आढ्याच्या टोकापर्यंत चढत जाणारी, एकोणीस वर्षांपूर्वीच्या वादळात कोसळली. ती माझ्या वडिलांनी बांधली. ऐन हिवाळ्यात, पाच आठवड्यांत.

ती भिंत म्हणजे आमची इस्टेट, दुसरी काही नाही. खोऱ्यात अजून कोणाचं बांधकाम नीट उभं राहिलं की म्हणतात, "रूबेन फॉसेटने बांधल्यासारखं आहे." मला कोणाच्या दारात जाऊन काम मागता येत नाही. माझ्याकडे काम येतं ते मी कोणाचा मुलगा आहे म्हणून. आणि माझी आई रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसते, बड्या घरच्या बायकांच्या बाकावर. तिला कोणी उठवत नाही. रूबेनची बायको म्हणून.

आमच्याकडची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरची एक, आतली एक, आणि मधे दगडगोट्यांची भर. त्या दोघींना एकत्र बांधून ठेवतात ते आरपार दगड. एकच लांब दगड, आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत. बाहेर त्याचं डोकं वीतभर पुढे काढून ठेवतात, म्हणजे आल्यागेल्याला मोजता येतं. उत्तरेच्या भिंतीत अशी सात डोकी आहेत. आरपार दगड नसले तर वर्षा-दोन वर्षांत दोन्ही भिंती एकमेकींपासून सरकतात, मधे पोट सुटतं, आणि एके दिवशी सगळं खाली येतं.

स्वयंपाकघरात आम्ही गेलो तेव्हा घरकाम बघणाऱ्या पीअर्टबाई कोपरापर्यंत पिठात होत्या. वर आकड्यांना डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. धुराचा, मसाल्याच्या केकचा आणि खाली कुठेतरी ओल्या दगडाचा वास.

"बूट पुसा," त्या म्हणाल्या. "आणि चुना माझ्या केकवर उडाला तर तुझंच लग्न लावीन मी, एनॉस फॉसेट, आमच्या डुकरिणीशी."

मी लाल झालो. काका एरवी या वाक्यावर दहा वाक्यं बोलला असता. तो खाली बघत होता.

मालक ऑल्डरसन आतून आले. त्यांनी बोटाने तडा दाखवला. छतापासून खिडकीपर्यंत सरळ उभा, केसाएवढा.

"काही नाही, वरचा गिलावा सुकलाय," ते म्हणाले. "तुझ्या बापाची भिंत आहे. तिला काय होतंय?"

"हो, मालक."

ते काकाकडे एकदा बघून निघून गेले. काकाने त्यांच्याकडे बघितलं नाही.

आता, तडा बुजवायच्या आधी आमच्यात आरपार दगड तपासायची एक पद्धत आहे. एकाने बाहेरून दगडाच्या डोक्यावर ठोकायचं, दुसऱ्याने आतून तिथेच तळहात टेकायचा. दगड खरा असेल तर ठोका हाताला लागतो. गिलावा कितीही जाड असो, लागतोच. काकाला मी म्हणालो, तू शिडीवर चढ.

"कशाला?" तो म्हणाला. "तडा बुजवायचाय, भिंतीची नाडी बघायची नाही."

"वडील नेहमी बघायचे."

तो हातोडा घेऊन बाहेर गेला. मी बाकावर चढून तळहात टेकला. भिंत गार होती, मासळीसारखी. बाहेर ठक्क असा आवाज झाला, तो खिडकीतून कानाला आला. हाताला काही आलं नाही.

दुसरा दगड. काही नाही. तिसरा, चौथा. मी हात थोडा वर, थोडा खाली करून बघितला.

"काय रे," पीअर्टबाई म्हणाल्या, "भिंतीला ताप आलाय का?"

सातही झाले. एकही ठोका आत आला नाही.  मला वाटलं, माझाच हात बधिर झालाय. मी तो तोंडाशी धरून फुंकला आणि पुन्हा भिंतीला टेकला. समोरच्या खिडकीतून मला काका दिसत होता. तो शिडीवरून उतरून अंगणातल्या दगडी कुंडीपाशी गेला होता आणि बर्फाची साय फोडून पाणी पीत होता. त्याचा हातोडा शिडीच्या पायाशी पडला होता.

तेव्हा माझ्या तळहाताखाली दोन ठोके पडले.

बाहेरून नाही. बाहेरचा ठोका लांबून येतो. हा भिंतीच्या मधून आला, हाताच्या अगदी जवळून, जसं कोणी बोटांची पेरं वाजवावीत तसा. ठक... ठक. मग थांबला. मग पुन्हा, तेवढ्याच अंतराने... ठक... ठक.

आमच्या डोंगरावर वारा असतो. परांचीवर उभ्या माणसाचे शब्द खालच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून जड दगड चढवताना आम्ही हातोड्याने खुणा करतो. एक ठोका म्हणजे थांब, तसाच धरून ठेव. दोन म्हणजे मी धरलंय. तीन म्हणजे सोड. ज्याने ओझं धरलंय तो दोन ठोके देतो आणि वाट बघतो. समोरून तीन आल्याशिवाय तो सोडत नाही. हात तुटायला आला तरी सोडत नाही. ही पहिली गोष्ट आम्हाला शिकवतात. मला ती वडिलांनी शिकवली, आणि दोन ठोक्यांच्या मधे ते जरा जास्त थांबत. प्रत्येकाचा हात वेगळा असतो.

"पीअर्टबाई," मी म्हणालो, "तुम्हाला काही... ऐकू आलं?"

"माझ्या गुडघ्यांचं वाजणं ऐकू आलं. का?"

"काही नाही."

दुपारी गोठ्यामागे बसून आम्ही पाव आणि चीज खायला काढलं. मी काकाला सगळं सांगितलं. सांगताना माझं बोलणं अडखळत होतं; तो एरवी माझी नक्कल करतो, त्या दिवशी केली नाही. हातातला पाव त्याने तसाच कागदात गुंडाळला.

"ते खरे दगड नाहीत, पोरा," तो म्हणाला.

"कुठले?"

"सातही. नुसती डोकी आहेत. मागे वीतभर आखूड दगड, आणि त्याच्या मागे भर. मी स्वतः घातलीय ती भर, या हातांनी."

मी हातातलं चीज खाली ठेवलं.

"लांब दगड खाणीत अडकले होते. बर्फाने रस्ता बंद. घराची एक बाजू उघडी, तिथे गवताच्या गंज्यांवरचं कापड लावलेलं, आणि ऑल्डरसनची बायको आत आठव्या महिन्यात. तो रोज येऊन रूबेनच्या पाया पडायचा आणि रोज त्याला धमकी द्यायचा. शेवटी म्हणाला, आत काय आहे ते कोण बघतंय? रूबेन म्हणाला, ठीक, वसंतात खरे दगड आले की एकेक काढून बदलू."

"मग?"

"वसंतात मालक म्हणाला, उभी आहे ना? मग कशाला उघडता, पोर आत झोपलंय. आणि तोवर सगळं खोरं रूबेनचं नाव घ्यायला लागलं होतं. पाच आठवड्यांत भिंत! एकदा लोकांनी मानाने टोप्या काढायला सुरुवात केली की माणूस गप्प बसतो."

"पण मग ती उभी कशी आहे, काका?"

"तेच तर." त्याने भिंतीकडे बोट केलं. "दुसऱ्या हिवाळ्यात पडायला हवी होती. तुझा बाप आणि मी रोज सकाळी आधी टेकडीवर येऊन इकडे बघायचो. उभी असायची. रेसभरही पोट नाही. एकदा तो मला म्हणाला, किट, मी झोपेत तिला धरून असतो. सकाळी खांदे दुखतात माझे. मी हसलो त्याला."

मला वडिलांचे शेवटचे दिवस आठवले. छातीत दगडाची धूळ बसली होती, एकेक श्वास घ्यायला तासभर लागतोय असं वाटायचं. पण सगळ्यात आधी ते आठवलं नाही. मला त्यांचे हात आठवले. बाजेच्या दोन्ही कडा त्यांनी दोन्ही हातांनी पकडल्या होत्या आणि आत ओढून धरल्या होत्या. पेरं पांढरी. आम्ही म्हणायचो, सोडा, आराम पडेल. ते म्हणायचे, "वाजवा ना कोणीतरी." आईला वाटलं त्यांना घंटी हवीय, तिने शेजाऱ्यांकडून आणून उशाशी ठेवली. गेल्यावर ती बोटं एकेक करून उलगडावी लागली.

"मी उद्या येत नाही," काका म्हणाला. "तूही येऊ नकोस. दुसरा कोणी बुजवेल तडा."

"दुसऱ्याला कळलं तर?"

"तेच तर," तो पुन्हा म्हणाला.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. माझ्या आईचं नाव टेमर. ती चुलीच्या तव्यावर ओटच्या भाकऱ्या टाकत होती. मी बोलत असताना तिने एकही भाकरी करपू दिली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "दोन ठोके?"

"हो."

"मधे थांबून?"

"हो, आई."

"मग तोच." तिने भाकरी उलटली. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. "आखूड दगडांचं मला पहिल्यापासून माहीत आहे. तुला काय वाटलं, नवरा रात्रभर दात खातो ते बायकोला कळत नाही?"

मी म्हणालो की भिंत उघडून खरे दगड घालता येतील. सात दगड, मी आणि काका, आठ दिवस. मग त्यांना सोडता येईल. तीन ठोके देता येतील.

"आणि आठ दिवस उघड्या भिंतीसमोर सगळं खोरं उभं राहून बघेल, आत काय आहे ते."

"हो."

"धरू दे त्याला."

"आई..."

"धरू दे म्हणते. मी धरलं नाही? त्याच्या मागे तुला धरलं, हे घर धरलं, ते नाव धरलं. रविवारी त्या बाकावर बसताना मला काय होतं ते मला माहीत. मला दिले कोणी तीन ठोके?" तिने तवा खाली उतरवला. "जेव. गार होतंय."

शुक्रवारी मी एकटाच गेलो. जाताना ठरवलं होतं की मालकांना सांगायचं. सबंध चढावर मी ते वाक्य पाठ केलं. मालक कोठारात टेबलं मोजत होते.

"मालक, ती भिंत... उघडावी लागेल. आरपार दगड..."

"ते काय?"

"नाहीत."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ते वाईट दिसणारे गृहस्थ नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं नेहमी, थंडीने.

"उघड," ते म्हणाले. "लग्न होऊ दे, मग अवश्य उघड. मी अडवणार नाही. लोक विचारतील तेव्हा मी सांगेन की रूबेन फॉसेटने मला फसवलं. माझी बायको आता नाही, किटच्या शब्दाला कोणी विचारत नाही. बघ तू. तुझ्या बापाचं नाव आहे, माझं नाही."

मग खिशातून सफरचंद काढून मला दिलं. मी ते घेतलं. का घेतलं मला माहीत नाही.

स्वयंपाकघरात मालकांची मुलगी फीबी खिडकीवर वेल बांधत होती. मला बघून खुर्चीवरून उतरली.

"तुम्हाला माहीत आहे, एनॉस," ती म्हणाली, "या भिंतीमुळे मी जगले. आई सांगायची. मी जन्मले त्या रात्री बाहेर कुंपणं बुडतील एवढं बर्फ होतं. भिंत झाली नसती तर मी गारठून गेले असते, आणि ती पण. मी लहानपणी भिंतीला शुभ रात्री म्हणायची." ती हसली. "वेडी होते."

मी मान हलवली. चुना कालवायला घेतला.

त्या घरात सगळे माझ्याशी चांगलेच वागले. हे लिहायला हवं.

दुपारी पीअर्टबाई आणि फीबी कोठारात गेल्या. घर रिकामं झालं. साडेतीनलाच उजेड जायला लागला. आमच्याकडे नोव्हेंबरात असंच असतं, दरीतून अंधार पाण्यासारखा वर येतो. मी मेणबत्ती लावली नाही. तड्यात चुना भरत वरून खाली येत होतो. ओल्या चुन्याचा वास नाकात बसला होता. थापीचा आवाज, आणि बाहेर कावळे.

खिडकीच्या वर हातभर राहिलं होतं, तेव्हा ते सुरू झालं.

ठक... ठक.

मी थापी तशीच धरून उभा राहिलो. काल आवाज हाताला लागला होता, आज तो खोलीत ऐकू येत होता. आणि काल तो सरळ होता, आज तसा नव्हता. पहिला ठोका बरा, दुसरा ओढून आणलेला. दोघांच्या मधलं अंतर वाढत होतं. ज्याने खूप वेळ जड काही धरलंय त्याचा हात असा वाजतो. तो सांगत नसतो. तो विचारत असतो.

ठक...

... ठक.

मी कान भिंतीला लावला. दगडांच्या मागे कोणीतरी हळूहळू श्वास आत ओढत होतं, बारक्या खड्यांमधून. तो श्वास मी आठ वर्षांपूर्वी सात आठवडे ऐकला होता. शेजारच्या खोलीत झोपून, उशी कानावर घेऊन.

"बाबा," मी म्हणालो. फार हळू. "मी आहे. एनॉस."

श्वास थांबला. ऐकत असल्यासारखा.

मी हातोडा उचलला. तीन ठोके द्यायला असा कितीसा वेळ लागतो? पण खरे दगड नसताना तीन दिले असते तर ती भिंत, ते छप्पर, त्यावरच्या दगडाच्या चिपा, सगळं उद्याच्या केकवर येऊन पडलं असतं, आणि माझ्यावर. आधी उघडायला हवं होतं. उघडायचं तर नाव जाणार. मला वाटलं, निदान गप्प राहावं. काहीच वाजवू नये. पण वाट बघणाऱ्या माणसाला उत्तर न देणं, हे आमच्यात सगळ्यात वाईट समजतात.

मी आईच्या बाकाचा विचार केला. माझ्या कामाचा केला. खोटं कशाला लिहू, माझाही केला. मला दुसरं काहीच नाही, ना बोलणं, ना शिक्षण. मी फॉसेटचा मुलगा आहे एवढंच आहे.

मी भिंतीवर एक ठोका दिला.

एक. थांब. तसाच धरून ठेव.

बराच वेळ काही झालं नाही. कावळेही गप्प झाले होते. मग आतून एक आवाज आला, त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. माणूस ओझ्याखाली पाय पुन्हा रोवतो, दात आवळतो, तेव्हा नाकातून जो निघतो तसा. गिलाव्यामागे खडे सरसरत खाली गेले. आणि मी तड्यात भरलेला चुना, वरपासून खालपर्यंत, हळूहळू बाहेर यायला लागला. पट्टीसारखा. तडा मिटत होता. त्याला माझ्या चुन्याची गरज नव्हती. तो पांढरा पट्टा भिंतीवरून सुटून माझ्या बुटांवर पडला.

मी तो गोळा केला. घमेल्यात टाकला. भिंत ओल्या फडक्याने खिडकीच्या तळाशी आतून बाहेरपर्यंत गेलेल्या स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, फळीपर्यंत पुसून घेतली. फळी भिंतीशी अगदी सपाट होती, फडकं कुठे अडकलं नाही. मग मी घरी गेलो. आईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती दुसऱ्या दिवशी लग्नात घालायची टोपी ब्रशने साफ करत होती. तिला आमंत्रण आलं होतं.

सकाळी मी लवकर गेलगार्थला गेलो. अजून पाहुणे यायचे होते. छपरावर पांढरं दव होतं आणि धुराड्यातून सरळ धूर वर जात होता. मालक नव्या कोटात दारात उभे होते. ते स्वतः मला आत घेऊन गेले. स्वयंपाकघरात दोन-चार शेजारी होते, त्यांच्यासमोर त्यांनी भिंतीवर हात फिरवला.

"बघा," ते म्हणाले. "तडा कुठे होता दाखवा. रेषसुद्धा नाही. रूबेनचाच हात आहे हा, अगदी त्याचाच."

शेजाऱ्यांपैकी म्हाताऱ्या बीलने माझ्यासाठी टोपी काढली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणी काढली. मी म्हणालो, "आभारी आहे."

ते सगळे कोठाराकडे गेले. पीअर्टबाई मागे राहिल्या. त्या कोपर चोळत होत्या.

"काम चांगलं केलंस," त्या म्हणाल्या, "पण ही फळी तेवढी बघ. सकाळपासून दोनदा लागली मला. एवढी पुढे होती का रे ती?"

मी बघितलं. खिडकीतली स्लेटची फळी, जी काल भिंतीशी सपाट होती, ती दोन बोटं आत, खोलीत आली होती. मी बाहेर जाऊन बघितलं. बाहेरच्या बाजूलाही ती दोन बोटं बाहेर आलेली होती. फळी तेवढीच होती. भिंत बारीक झाली होती.

"लाकडासारखी फुगते का ती थंडीत?" पीअर्टबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "कधीकधी."

मी पिशवीतून छिन्नी काढली. केक फडक्याने झाकला, कचरा उडू नये म्हणून. आणि पुढे आलेली कड, हळूहळू, कापून भिंतीबरोबर केली. चांगला अर्धा तास लागला. कानशीने घासली, फुंकर मारली, हात फिरवून बघितलं. सपाट होती.

मग अवजारं भरून, निघताना, सवयीने मी पुन्हा एकदा हात फिरवला. बोटांना कड लागली.